मेरिकेन धक्का: कोबे बंदरातले मोडके ठेवलेले साठ मीटर

पहिल्या खेपेला जपानमधल्या कोबेला गेलो तेव्हा १९९५ च्या भूकंपाचं हे स्मारक माझ्या नजरेतून सुटलं. मेरिकेन पार्कात 'बी कोबे' या भल्यामोठ्या पांढऱ्या अक्षरांपुढे रांगेत उभं राहून फोटो काढून घेतला, लाल पोर्ट टॉवरकडे बघत आइस्क्रीम खाल्लं आणि संध्याकाळच्या गाडीने ओसाकाला परतलो. बंदरांच्या बांधकामात वीस वर्षं घालवलेला माणूस मी. कोबेच्या धक्क्यांवर शिकलो, पुढे त्यावर नव्या पोरांना दोन तास बोलायचोही. आणि ज्यावर बोलायचो त्याचा शिल्लक राहिलेला तुकडा चार पावलांवर असताना पाठ फिरवून उभा होतो.

दुसऱ्या खेपेला बरोबर बाबा होते. ते सार्वजनिक बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झाले. किल्लारीच्या भूकंपानंतर पुनर्वसनाच्या कामावर काही वर्षं लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात होते. प्रवासात कुठेही नेलं तरी त्यांची नजर आधी गटाराच्या झाकणांवर आणि फरशीच्या उतारावर जाते. मेरिकेन पार्कातही तेच झालं. टॉवर राहिला बाजूला, त्यांनी पूर्वेकडच्या कडेला बोट दाखवलं.

"तिकडं कठडा घालून काय ठेवलंय? काम अर्धवट सोडलंय का?"

"स्मारक आहे बाबा. भूकंपात मोडलेला धक्का तसाच ठेवलाय."

"तसाच? मुद्दाम?"

"हो."

"मग इथंच का? माणसं इथं मेली का?"

या प्रश्नाला माझ्याकडे चटकन देता येईल असं उत्तर नव्हतं. पुढचं सगळं टिपण त्या एका प्रश्नामुळे झालं. एखाद्या शहरावर एवढं मोठं संकट येतं, सहा हजारांवर माणसं जातात, आणि आठवण म्हणून जपला जातो तो बंदराचा एक तुकडा. असं का, त्या तुकड्यातून काय कळतं, आणि काय कळत नाही?

जागा

आधी मराठी वाचकासाठी एक गंमत. भूकंपाचाही धक्का आणि बंदराचाही धक्का, दोन्हीला आपल्याकडे एकच शब्द. भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच पकडणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही. पण कोबेबद्दल मराठीत लिहायला बसलं की दर दुसऱ्या वाक्यात अडखळायला होतं. म्हणून इथे बंदराचा तो धक्का आणि जमिनीचा तो हादरा, असं ठरवून टाकतो.

कोबे बंदर परदेशी व्यापारासाठी उघडलं ते १८६८ मध्ये. मेरिकेन धक्का त्याच काळातला. जवळच अमेरिकेची वकिलात होती. 'अमेरिकन' हा शब्द जपानी कानांना 'मेरिकेन' असा ऐकू आला आणि तेच नाव पडलं. आपल्याकडे 'लॉर्ड'चा लाट झाला तसाच प्रकार. १९८७ मध्ये या जुन्या धक्क्याच्या आणि शेजारच्या धक्क्याच्या मधलं पाणी भरून काढून आजचं मेरिकेन पार्क झालं. म्हणजे आपण ज्या फरसबंदीवरून चालतो तिच्यातला बराचसा भाग मुळात पाणीच.

कोबेशी भारतीय माणसाचा संबंधही जुना आहे. १९२३ च्या कांतो भूकंपात योकोहामा उद्ध्वस्त झालं, तेव्हा तिथले बरेच हिंदी व्यापारी इकडे कोबेला आले आणि वस्ती करून राहिले. योकोहामाच्या यामाशिता पार्कात या हिंदी व्यापाऱ्यांनी भेट दिलेली घुमटाची पाणपोई आजही उभी आहे. ते पार्कही समुद्रालगतचं आणि १९२३ च्या ढिगाऱ्यांचाच भराव टाकून केलेलं. तर भूकंपाला भिऊन माणसं कोबेकडे आली होती. कान्साई भागात मोठा भूकंप होत नाही, तो तोक्योकडचा विषय, अशी समजूत पुढे कित्येक वर्षं लोकांच्या मनात पक्की बसलेली होती.

१७ जानेवारी १९९५

मंगळवार होता, तीन दिवसांच्या जोडसुट्टीनंतरचा पहिला. पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी आवाजी बेटाच्या उत्तर टोकाशी, जमिनीखाली सुमारे १६ किलोमीटरवर खडक तुटला. तीव्रता ७.३. जोराची थरथर वीसेक सेकंदांच्या आतबाहेर, पण खडक जिथे तुटून सरकला तो भंग थेट शहराच्या पोटाखालून गेला होता. शिंकानसेनची पहिली गाडी सहा वाजता सुटायची होती. रस्ते रिकामे होते. हा हादरा दोन तास उशिरा बसला असता तर हानशिन एक्सप्रेसवेचा ६३५ मीटरचा आडवा झालेला तुकडा गाड्यांनी भरलेला असता.

मृतांची संख्या ६,४३४ वर जाऊन थांबली. त्यातले ४,५७१ कोबे शहरातले. बहुसंख्य माणसं घरात, अंथरुणात, कोसळलेल्या छपराखाली चिरडून किंवा गुदमरून गेली. नागाता भागात आगी लागल्या आणि पाण्याचे नळ फुटल्यामुळे त्या विझवता येईनात. तीन लाखांहून जास्त लोक शाळांमध्ये आणि सभागृहांत येऊन राहिले. एवढ्यावर हा भाग आटोपता घेतो. याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय आणि बाबांचा प्रश्न वेगळा होता.

मुरूम पातळ झाला

आता कठड्यापाशी येऊ.

स्मारकाची मांडणी साधी आहे. धक्क्याची सुमारे ६० मीटर लांबी जशी मोडली तशी ठेवलेली आणि तिच्या भोवतीने चालायची वाट. वाटेवरून खाली बघितलं की काँक्रीटच्या लाद्या पाण्यात कललेल्या दिसतात. काही अर्ध्या बुडालेल्या, काही एकमेकींवर चढलेल्या. भरतीचं पाणी भेगांमधून आत येतं आणि हळूच परत जातं. वरती दिव्यांचे खांब तिरके होऊन उभे आहेत. पडले नाहीत, सरळही नाहीत. बाजूला फलक, छायाचित्रं आणि चित्रफीत दाखवणारा पडदा आहे. तिकीट नाही, फाटक नाही.

बाबा फलकांकडे वळलेच नाहीत. कठड्यावर कोपरं टेकवून ते बराच वेळ लाद्या बघत राहिले. मग म्हणाले, "काँक्रीट चांगलं आहे रे. खालचं पळालंय."

दोन वाक्यांत त्यांनी माझं दोन तासांचं व्याख्यान संपवलं. ते थोडं उलगडून सांगतो, कारण कोबेच्या बंदरात झालेल्या नुकसानीचं मर्म तिथेच आहे.

कोबे हे डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये चिंचोळ्या पट्टीत बसलेलं शहर. मागे रोक्को डोंगर, पुढे खाडीचं पाणी. जागा हवी तर समुद्रातच करायची. शहराने डोंगर कापले, ती माती सरकत्या पट्ट्यांवरून किनाऱ्याला आणली, तराफ्यांत भरली आणि समुद्रात टाकली. डोंगर कापून सपाट झालेल्या जागी वसाहती उठल्या आणि समुद्रात बेटं. पोर्ट आयलंडचं पहिल्या टप्प्याचं काम १९६६ ते १९८१ चाललं. रोक्को आयलंड १९७२ मध्ये सुरू झालं आणि १९९२ मध्ये संपलं. 'डोंगर समुद्राला निघाले' असं त्या वेळी कौतुकाने म्हटलं जायचं. खर्चाच्या हिशेबानेही तो डाव चोख होता, एका दगडात दोन पक्षी.

त्या मातीला जपानीत 'मासादो' म्हणतात. ग्रॅनाइट खडक कुजून, भुसभुशीत होऊन जे जाडंभरडं मिश्रण तयार होतं ते. बाबांना हे सांगितल्यावर ते लगेच म्हणाले, "म्हणजे मुरूम." बरोबर. आपला मुरूम काळ्या पाषाणाचा, तो ग्रॅनाइटचा, पण जात तीच. खडे, वाळू आणि बारीक कण, सगळं एकत्र. भरावाला मुरूम उत्तम असतो हे आपल्याकडे रस्त्याच्या कामावरचा कुठलाही मुकादम सांगेल. जपानी अभियंत्यांचाही विश्वास होता की यात खडे इतके आहेत की वाळूसारखा हा पातळ व्हायचा नाही.

पातळ होणं म्हणजे काय, ते चौपाटीवर गेलेल्या प्रत्येकाने पायाने करून पाहिलंय. ओल्या वाळूवर उभं राहून टाच भराभर आपटत राहिलं की घट्ट वाटणारी वाळू लदलद हलायला लागते, वर पाणी येतं आणि पाय रुततो. कण जवळ सरकू पाहतात, मधलं पाणी निसटायला वाट शोधतं, ती मिळेपर्यंत सगळा भार पाण्यावर येतो. तेवढा वेळ ती जमीन जमीन राहत नाही. याला द्रवीकरण म्हणतात. कोबेत टाचेच्या जागी भूकंप होता आणि चौपाटीच्या जागी शेकडो हेक्टरांची बेटं. पोर्ट आयलंडवर रस्त्यांतून, पटांगणांतून चिखल उसळून वर आला.

बेटांच्या कडेला धक्क्याची भिंत म्हणून काँक्रीटच्या प्रचंड पोकळ पेट्या ओळीने बसवलेल्या होत्या. बंदरवाले त्यांना केसन म्हणतात. पेटी तरंगत आणायची, जागेवर बुडवायची, आत भराव घालायचा. पण समुद्राचा तळ तिथे मऊ चिखलाचा. म्हणून पेट्यांच्या खालचा चिखल उपसून काढला आणि त्या जागी काय भरलं? मुरूमच. मागे मुरूम, खाली मुरूम. हादऱ्यात मागचा मुरूम पेट्यांना ढकलायला लागला आणि खालच्याने आधार सोडला. पेट्या फुटल्या नाहीत, उलट्याही झाल्या नाहीत. तशाच्या तशा समुद्राकडे सरकल्या, सरासरी ३ मीटर, कुठे कुठे ५ मीटर. १ ते २ मीटर खचल्या आणि चारेक अंशांनी पुढे कलल्या. मागची जमीन खाली बसली. धक्क्यावरच्या क्रेनचा पुढचा रूळ पेटीबरोबर गेला, मागचा जागेवर राहिला आणि मधे उभ्या क्रेनचे पाय फाकून वाकले.

हिशेब चुकला होता का? चुकला म्हणण्यापेक्षा तो छोट्या हादऱ्याचा होता. त्या काळच्या पद्धतीत धक्क्याच्या वजनाचा ठरावीक हिस्सा आडवा लागेल असं धरून भिंत तपासत. कोबेत तो हिस्सा ०.१० पासून ०.२५ पर्यंत धरलेला होता. त्या पहाटे कोबेच्या सागरी वेधशाळेत नोंदलेलं सर्वाधिक त्वरण ८१८ गॅल, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ८३ टक्के. बंदरातले मोठे धक्के जवळजवळ सगळे निकामी झाले. माया धक्क्यावरचे तीन बर्थ, म्हणजे जहाज लावायच्या जागा, मात्र भूकंपाचा विचार करून जास्त मजबूत बांधलेले होते, ते टिकले. माया हे तिथल्या जागेचं नाव, आपल्या मायेशी त्याचा संबंध नाही. पण बाबांनी ते नाव ऐकून "तरलं म्हणायचं" एवढं केलंच.

एक नोंद मला अजून चकित करते. पोर्ट आयलंडवर एकाच जागी जमिनीत वेगवेगळ्या खोलीवर यंत्रं पुरलेली होती. ८३ मीटर खोलीवरच्या यंत्राने उत्तर-दक्षिण दिशेत सुमारे ६८० गॅल नोंदवले आणि पृष्ठभागावरच्या यंत्राने ३४१. एरवी खालून वर येताना हादरा वाढतो, इथे तो निम्मा झाला, कारण मधला मुरूम पातळ होऊन त्याने थरथर पुढे जाऊच दिली नाही. ज्या पातळपणाने धक्के समुद्रात ढकलले त्यानेच बेटावरच्या इमारतींपर्यंतचा मार बोथट केला. खोल खांबांवर उभ्या असलेल्या इमारती बेटावर बहुतांशी उभ्या राहिल्या, भोवतालची जमीन मात्र खाली गेली आणि पायऱ्या हवेत लटकल्या. ज्या तुकड्यांत आधीच वाळूचे खांब ठोकून किंवा कंपनाने मुरूम दाबून घट्ट केला होता तिथे चिखल वर आला नाही. शेजारी शेजारी, एकाच बेटावर. अभ्यासकाला यापेक्षा जास्त काय हवं?

साठ मीटर का सोडले

भूकंपाआधी कोबे कंटेनरच्या उलाढालीत जगात सहावं बंदर होतं. बंदराचं दुकान एक दिवस बंद राहिलं तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं, तसं इथे झालं. दुसऱ्या देशांचा माल इथे उतरवून पुढे पाठवण्याचा जो धंदा होता तो कोरियातल्या बुसानकडे वळला आणि पुष्कळसा तिकडेच राहिला. म्हणून दुरुस्ती जिवाच्या आकांताने झाली. दोन वर्षांच्या आसपास, १९९७ मध्ये, बंदर पुन्हा उभं राहिलं. कंटेनरचा १९९४ मधला आकडा ओलांडायला मात्र २०१७ उजाडावं लागलं. धक्के बांधायचे जपानी नियमही बदलले. १९९९ च्या नियमांनंतर नेहमीचा हादरा आणि क्वचित येणारा मोठा हादरा असे दोन्ही धरून धक्का तपासायला लागले, आणि मोठ्यात तो किती सरकला तर चालेल हेही आधीच ठरवायला लागले.

या घाईत साठ मीटर वगळले गेले आणि १९९७ मध्येच भोवती वाट करून लोकांसाठी खुले झाले. मेरिकेन धक्का कसा होता ते बघितलं की हे कसं जमलं ते लक्षात येतं. माल उतरवायचं काम तिथून केव्हाच हललं होतं. मोडका ठेवल्याने एकाही जहाजाचं अडत नव्हतं. जमीन सार्वजनिक. कोबे बंदराचा कारभार शहराकडेच आहे, तेव्हा कुणा खासगी मालकाची मनधरणी करायची नव्हती. शिवाय तो समुद्रात आहे. कोसळलेला काँक्रीटचा ढीग रस्त्याकडेला असता तर 'धोकादायक' म्हणून दोन दिवसांत पाडला असता. पाण्यातल्याला कठडा पुरतो. यात भावनेचा भाग नव्हता असं मी म्हणणार नाही. पण नुसत्या भावनेवर असं काही टिकत नाही, कागदावरही बसावं लागतं. खात्यात आयुष्य काढलेल्या बाबांना हे पटवावं लागलं नाही.

एक मत माझंही. फलक आणि पडदा हा या स्मारकाचा कच्चा भाग. जग बदललं आहे, चित्रफीत प्रत्येकाच्या खिशात असते. मोडक्या लाद्यांना बोलू दिलं असतं तरी चाललं असतं. एक गोष्ट मात्र हवी होती. या भूकंपाआधी धक्क्याची कड कुठे होती ती रेषा फरशीवर आखलेली. नवख्या माणसाला किती सरकलं ते कळत नाही, मोडलं एवढंच कळतं.

आणि 'बी कोबे'. ते घोषवाक्य भूकंपाला वीस वर्षं झाली त्या निमित्ताने २०१५ मध्ये पुढे आलं आणि अक्षरं २०१७ मध्ये, बंदराच्या दीडशेव्या वर्षी उभी राहिली. रांगेतल्या पोरांना ते ठाऊक असण्याचं कारण नाही, मलाही नव्हतं. त्यांना नावं ठेवणारा मी कोण?

घर कुठंय?

आता बाबांचा मूळ प्रश्न. माणसं इथं मेली का?

माणसं मेली ती वर, शहरात. जुन्या लाकडी घरांत. कान्साईतल्या जुन्या घरांची छपरं जड असत, कारण कौलं मातीच्या थरावर बसवत. या बाजूला वादळं येतात, हलकं छप्पर उडून जाईल म्हणून ते वजन मुद्दाम केलेलं. खाली मात्र लाकडी सांगाडा बारीक, भिंती थोड्या, कधी वाळवी लागलेली. १९८१ च्या नव्या नियमांनंतरच्या इमारती पुष्कळ टिकल्या, त्याआधीच्या बसल्या.

हे सांगत होतो तर बाबांनी मधेच थांबवलं. "छपरावर माती?"

"हो. कौलाखाली."

ते काही वेळ गप्प झाले. किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ ला, विसर्जनाच्या रात्रीनंतर, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी हेच झालं होतं. माळवदाची घरं, दगड-मातीच्या रुंद भिंती, वर लाकडाच्या सरांवर मातीचा जाड थर. तो उन्हासाठी. दर पावसाळ्याआधी गळती थांबावी म्हणून वर आणखी माती टाकायची, थर वाढत जायचा. इकडे वादळाला भिऊन माती, तिकडे उन्हाला भिऊन माती, आणि दोन्हीकडे ती झोपलेल्या माणसांवर आली. साडेपंधरा महिन्यांच्या अंतराने. मुंबईतल्या आमच्या कार्यालयात कोबेचे फोटो आले तेव्हा सगळे क्रेन आणि एक्सप्रेसवे बघत होते. ती छपरं कुणी बघितली नाहीत. मीही नाही.

तर घर का नाही जपलं? कोबेत हिंडून शोधलं तर उत्तर हळूहळू मिळतं. महापालिकेच्या दुसऱ्या क्रमांकाच्या इमारतीचा सहावा मजला चेपला होता. वरचे मजले काढून खालची इमारत पुढे वापरत राहिले आणि शेवटी तीही गेली. नागाताला बाजारपेठेची एक भिंत होती. आग पसरू नये म्हणून बांधलेली, १९४५ च्या विमानहल्ल्यांतून वाचलेली आणि १९९५ च्या आगीतूनही उभी राहिलेली. ती जपावी म्हणून लोक झटले, पण त्या वस्तीत नवी घरं, नवे रस्ते व्हायचे होते. भिंतीला आपली जागा सोडावी लागली. आज ती आवाजी बेटावर आहे, नोजिमा भंगाच्या संग्रहालयापाशी.

त्या संग्रहालयात जमिनीवर उघडा पडलेला भंग १४० मीटर लांबीचा छपराखाली जपलाय. शेताचा बांध, कुंपण, पन्हळ, सगळं मधोमध सरकलेलं. आणि तिथे एक घरही आहे. भंग त्याच्या अंगणातून गेलाय. आत स्वयंपाकघरात पडझडीनंतरचा पसारा मांडून ठेवलाय. पण ते घर उभं राहिलेलं आहे, पडलेलं नाही. एवढा खटाटोप करून जे एक घर जपता आलं ते न पडलेलं.

पडलेलं घर जपता येत नाही, हे किल्लारीला बाबांनी प्रत्यक्ष पाहिलेलं. तिथे बावन्न गावं उठवून नव्या जागी नेली. ढिगाऱ्यातून लोकांनी सरं काढली, दारं काढली, दगडसुद्धा नेले. "दाराची चौकट कोण सोडतो? ती सागवानी असते," बाबा म्हणाले. ज्याचं घर पडलं त्याला त्या जागेवर पुन्हा उभं राहायचं असतं, नाहीतर त्या जागेकडे कधी बघायचं नसतं. स्मारकाला दोन्ही चालत नाही. मेरिकेन धक्क्याची आठवण कुणाच्या अंथरुणाशी चिकटलेली नव्हती, म्हणून तो राहू शकला. त्यामुळे जमीन कशी वागली हे तो अगदी खरं सांगतो. माणसं कशी गेली याबद्दल त्याला काही सांगता येत नाही, आणि कोबेला एका दुपारसाठी आलेला पाहुणा नेमका तोच बघून परततो.

नावांची खोली

म्हणून आम्ही तिथून उठून हिगाशी युएन्चीला चालत गेलो. महापालिकेजवळचं हे मैदान, धक्क्यापासून पंधरा-वीस मिनिटांवर. दर १७ जानेवारीला पहाटे इथे बांबूच्या नळ्यांमध्ये दिवे लावून '१.१७' हे आकडे जमिनीवर उजळतात आणि ५ वाजून ४६ मिनिटांनी सगळे स्तब्ध उभे राहतात. आम्ही गेलो तेव्हा त्यातलं काही नव्हतं. दुपार होती, कार्यालयातली माणसं बाकांवर डबे खात होती. एका पुतळ्याजवळचं घड्याळ ५:४६ वर थांबलेलं. भूकंपात तो पुतळा पडला आणि घड्याळ बंद पडलं, मग पुतळा उभा केला पण घड्याळ चालू केलं नाही.

मैदानात २००० मध्ये उभारलेलं स्मारक आहे. खाली उतरून गेलं की एक खोली लागते. छत काचेचं, त्यावरून पाणी वाहतं आणि आत पडणारा उजेड सारखा हलत राहतो. भिंतींवर गेलेल्यांची नावं कोरलेल्या पट्ट्या.

बाबांना जपानी येत नाही. मलाही त्यातली मोजकी अक्षरं ओळखू येतात. पण ते चष्मा पुसून, भिंतीच्या अगदी जवळ जाऊन, एक एक ओळ वरून खाली बघायला लागले. हजेरीपट तपासावा तसं. एके ठिकाणी बोट न टेकवता, बोटभर अंतर राखून म्हणाले, "हे बघ. हे चिन्ह इथं एकाखाली एक चार वेळा आलंय."

"आडनाव असेल बाबा. एकाच घरातले असतील असं नाही. आपल्याकडे पाटील नसतात का इतके?"

"असेल," ते म्हणाले. "किल्लारीच्या याद्या मी लिहिल्यात. तिथंबी असंच यायचं."

छतावरचं पाणी हललं की त्या चार नावांवरून उजेड सरकून जायचा. बाबा पुढच्या ओळीवर गेले. शेवटची पट्टी बघून होईपर्यंत ते काही बोलले नाहीत आणि मी घाई केली नाही.